धक्क्याला बांधलेली सवत

नौदलाच्या कागदांत तिचा उल्लेख 'पाणबुड्यांची आधारनौका' असा असे. खलाशी तिला 'आई' म्हणत. आणि टेकडीवरच्या क्वार्टर्समध्ये शिलाई मशीन चालवणाऱ्या शिवणकाकू तिला सवत म्हणत, तेही तोंडावर, म्हणजे खिडकीतून तिच्याकडे बघत.

काकूंचे यजमान त्या जहाजावर टर्नर होते, लेथवर लोखंडाचे भाग घडवणारे. लग्न ठरलं तेव्हा मुलगा नौदलात आहे हे ऐकून काकूंच्या आईनं डोळे पुसले होते, पोरीचं आयुष्य वाट बघण्यात जाणार म्हणून. झालं उलटंच. जावई रोज संध्याकाळी साडेपाचला जेवणाचा डबा हलवत घरी हजर. टपाल कचेरीतल्या कारकुनाला एखाद्या दिवशी उशीर झाला असेल, टर्नरना कधी झाला नाही. कारण जहाज जागचं हलतच नव्हतं.

आता हे जहाज म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं की तोफा-बिफा असतील. तोफा होत्या दोन, पण त्यांच्यावर लोक टॉवेल वाळत घालायचे. खरं काम वेगळंच होतं. पाणबुड्या दोन-दोन महिने पाण्याखाली काढून यायच्या आणि तिच्या कुशीला लागायच्या. मग ही त्यांना गोडं पाणी द्यायची, वीज द्यायची, त्यांच्या बॅटऱ्या भरायची, ताजा पाव भाजून द्यायची, मळके कपडे धुऊन द्यायची. तिच्या पोटात लेथ होते, भट्टी होती, दातांच्या डॉक्टरची खुर्ची होती आणि गरम पाण्याची चौदा न्हाणीघरं होती, कारण पाणबुडीतून उतरलेला माणूस आधी नाकाला कळतो आणि मग डोळ्यांना. पाणबुड्या खाऊन-पिऊन, न्हाऊन-माखून, दुरुस्त होऊन पुन्हा निघून जायच्या. ही तिथेच. खलाशी म्हणायचे, खाली आपल्याच चहाच्या चोथ्याचा ढीग झालाय आणि बाई त्यावर आरामात टेकल्यात.

टर्नर समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावचे. विसाव्या वर्षी नौदलात गेले ते केवळ समुद्र बघायला मिळेल म्हणून. पहिलीच नेमणूक या जहाजावर झाली आणि तीच शेवटची ठरली. दर दोन वर्षांनी ते फिरत्या जहाजावर बदली मागायचे, आणि दर वेळी वर्कशॉपचे साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "अरे, तुझ्यासारखा हात दुसरा कुठे आहे? तुला सोडलं तर मी काय करू?" कौतुकाने माणूस किती घट्ट बांधला जातो, ते दोरखंड वळणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. सोबतच्या लोकांनी त्यांचं नाव 'खुंटा' पाडलं. धक्क्यावर ज्या लोखंडी खुंट्याला जहाज बांधतात, तो. टर्नर हसायचे. घरी येऊन मात्र हसायचे नाहीत.

पाणबुडी कुठे जाऊन आली हे कुणी कुणाला सांगायचं नाही, असा नियम होता. बायकांना सांगायचं नाही, आईबापांना नाही आणि टर्नरनाही नाही. पण टर्नरच्या हाताखालून पाणबुडीचे झिजलेले भाग जायचे. संध्याकाळी जेवताना ते काकूंना सांगायचे, "आज जी आली ना, तिच्या पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशवर बारीक ओरखडे होते. सगळे एका दिशेने. वाळू आहे ती. उथळ पाण्यात तळाला टेकून पडली होती बरेच दिवस."

"कुठे?"

"ते कोण सांगणार? पण बुशमध्ये वाळूचे दोन कण अडकले होते. पांढरे. आपल्याकडची वाळू काळी असते."

एवढं बोलून ते भिंतीकडे बघत बसायचे, जसं काही भिंतीपलीकडे ती पांढरी वाळू पसरली होती. कधी पाणी ओढायच्या जाळीत अडकलेला एखादा शिंपला सापडायचा, मग तर दोन दिवस माणूस घरात असून नसल्यासारखा. काकूंना त्या नजरेचा राग यायचा. दयाही यायची. आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती काकूंनी चोवीस वर्षं पोटात ठेवली होती.

कारण एकतीस वर्षांत ते जहाज अगदीच हललं नाही असं नाही. एकदा हललं.

लेक तेव्हा चौदा महिन्यांची होती. तीन दिवस ताप उतरत नव्हता. टर्नरनी दोन दिवसांची रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीत ते खाटेवर आडवे झाले आणि लेक त्यांच्या छातीवर एकदाची झोपली. बाहेर वारा असा सुटला होता की खिडकीची झडप बांधून ठेवावी लागली होती. काकू बाहेरच्या खोलीत शिवत बसल्या होत्या. नौदलाच्या भांडारातून त्यांना शिवणकाम मिळायचं, पाणबुडीतल्या गाद्यांचे अभ्रे. तिथे एका गादीवर दोघं आळीपाळीने झोपतात, एक पहाऱ्यावर गेला की दुसरा त्याच्याच उबेत, म्हणून प्रत्येक गादीला दोन अभ्रे लागत.

दारावर थाप पडली. धक्क्यावरून आलेला निरोप्या होता. चौऱ्याण्णव पायऱ्या चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती.

"टर्नर आहेत घरात? रजेवरच्या सगळ्यांना परत बोलावलंय. जहाज सुटतंय, दोन तासांत. का ते मला विचारू नका."

काकूंच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्यांनी त्या काढल्या, एकदा बाहेरच्या पिसाळलेल्या पाण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाहीत. औषध आणायला गावात गेलेत."

एवढं खोटं काकू आयुष्यात बोलल्या नव्हत्या, आणि इतकं सफाईदार तर मुळीच नाही. निरोप्याने वहीत 'घरी नाही' असं लिहिलं, "आले की पळत पाठवा" म्हणाला आणि उतरून गेला.

पुढचे दोन तास काकू मशीनसमोर बसून होत्या. मशीन चालवलं नाही, आवाजाने जाग येईल म्हणून. यांना उठवावं असं दहा वेळा मनात आलं. दहाही वेळा त्या उठल्या, आतल्या खोलीच्या पडद्यापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. चार वाजून गेल्यावर भोंगा झाला, तीन वेळा, लांबलचक. थोड्या वेळाने टर्नर लेकीला खांद्यावर घेऊन बाहेर आले.

"कसला भोंगा?"

"असेल कुठल्यातरी जहाजाचा."

टर्नर खिडकीशी गेले. रोज जिथे राखाडी भिंतीसारखं जहाज उभं असायचं, तिथे नुसतं पाणी होतं. त्यांनी लेकीच्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "हिचा ताप उतरलाय."

अकरा दिवस काकूंनी त्या खिडकीचा पडदा उघडला नाही. बाराव्या दिवशी जहाज परतलं ते एका पाणबुडीला बरोबर घेऊन. खोल समुद्रात तिचं सुकाणू अडकून पडलं होतं. त्याची मोडलेली खीळ नव्याने घडवायची होती, आणि ती डोलत्या जहाजावर, लेथ इकडून तिकडे कलत असताना घडवली त्यांच्या जागी घेतलेल्या बदली टर्नरने, ज्याला लेथवर वर्षही झालं नव्हतं. पहिल्या दोन वाया गेल्या, तिसरी बसली. त्याचा सत्कार झाला, छातीवर बिल्ला लागला. दरवर्षी त्या तारखेला जहाजावर सगळे जमायचे आणि ती हकीगत पुन्हा सांगितली जायची. बदली टर्नर पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला तरी हकीगत होतीच. खुंटा मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवायचा.

टर्नर रजेवर होते, म्हणून त्यांना कुणी जाब विचारला नाही. आणि टर्नरनी काकूंना कधी विचारलं नाही, कुणी आलं होतं का म्हणून. चारचौघांत विषय निघाला की म्हणायचे, "निरोप्या आमच्या पायऱ्या खालून बघूनच परतला असणार." सगळे हसायचे, कारण निरोप्यांची ती खोड होतीच. तो निरोप्या दुसऱ्याच महिन्यात बदलून गेला होता, त्यामुळे नाही म्हणायलाही कुणी नव्हतं. काकू चहाचे कप गोळा करायचं निमित्त करून आत निघून जायच्या.

अपराधीपणा माणसाला फार गुणी बनवतो. काकू चोवीस वर्षं गुणी होत्या. टर्नर सुट्टीच्या दिवशीही धक्क्यावर जाऊन बसले तरी कुरकुर नाही. भिंतीकडे बघत बसले तरी टोमणा नाही. काकूंच्या बहिणीने तिच्या गावी बाजारपेठेत दुकानासाठी गाळा बघितला होता, उजेडाचा, दोन मशीन मावतील असा. काकूंचा जीव त्या गाळ्यावर जडला होता. टर्नर एवढंच म्हणाले, "जहाज सोडून?" काकू म्हणाल्या, "नको तर नको." असं तीनदा झालं. चौथ्यांदा बहिणीने विचारलंच नाही.

खालच्या घरात पाणबुडीवरच्या स्वयंपाक्याची बायको राहायची. नवरा महिनोन्महिने पाण्याखाली, ही पायरीवर बसून भाजी निवडत असायची. काकू तिला धीर द्यायच्या, "येतील हो, दिवस काय, बघता बघता जातात." ती मान डोलवायची. एकदाच म्हणाली होती, "तुमचं बरं आहे काकू, तुमचे रोज साडेपाचला." काकूंना वाटलं होतं, हिला सगळं कळलंय की काय.

मग जहाजाचं मरण ठरलं. बंदरात पक्कं वर्कशॉप बांधून झालं होतं. जहाजाची इंजिनं तर कित्येक वर्षांपूर्वीच मिटली होती. टगबोटींनी ओढत तिला सहा दिवसांच्या अंतरावरच्या बंदरात न्यायचं, तिथे तोडायचं. ओढून नेताना दोरांवर आणि आत शिरणाऱ्या पाण्यावर नजर ठेवायला आठ माणसं तिच्यावर राहणार होती. टर्नरना निवृत्त व्हायला पाच आठवडे उरले होते. यादीत पहिलं नाव त्यांचं.

"काका, कशाला या वयात?" नवे साहेब म्हणाले.

"या वयात म्हणूनच," टर्नर म्हणाले.

डॉक्टरांनी रक्तदाब थोडा जास्त आहे म्हणत सही केली. त्या दिवशी टर्नर पायऱ्या दोन-दोन करत चढून आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "घेतलं मला!" लेकीला दुसऱ्या शहरात फोन केला, तीही आनंदाने ओरडली. काकूंनी साखर घातलेला चहा केला, टर्नरना मनाई असलेला. आणि त्या चहाच्या भांड्यासमोर उभ्या असताना त्यांच्या मनाने घेतलं, की आता सांगायलाच हवं. आजवर नवरा-बायकोच्या मध्ये ते जहाज होतं. बोलायला, चिडायला, बघायला तिसरं कुणीतरी होतं. सवत गेली की घरात दोघंच उरणार, आणि मध्ये ती दुपार. तिच्यासोबत म्हातारपण काढायचं काकूंना जमणार नव्हतं. सांगितलं तर हा माणूस आपल्याकडे पुन्हा बघेल की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यातच भांडारातून काम आलं, निरोपाच्या पताकेचं. जहाज कायमचं निघतं तेव्हा त्याच्या डोलकाठीवर अरुंद पांढरी पताका लावतात, आणि ती जहाजाच्या लांबीएवढी असावी लागते. म्हणजे एकशे अठरा मीटर. टोकाकडे निमुळती होत जाणारी, सगळीकडे दुहेरी शिवण, नाहीतर वाऱ्यात फाटून चिंध्या व्हायच्या. काकूंच्या दोन खोल्यांत एकशे अठरा मीटर कापड म्हणजे काय! ते खाटेवर होतं, खाटेखाली होतं, गॅलरीत होतं आणि चौऱ्याण्णवपैकी निम्म्या पायऱ्यांवर घड्या घालून ठेवलेलं होतं. स्वयंपाक्याची बायको त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून पहारा करत बसली होती.

"सवतीचं लुगडं शिवतेय," काकू तिला म्हणाल्या होत्या. त्यावर दोघी पोट धरून हसल्या होत्या.

निघायच्या आदल्या दुपारी शेवटचे वीस मीटर राहिले होते. पाचपर्यंत पताका धक्क्यावर पोहोचवायची होती. टर्नर मशीनच्या पलीकडे बसून शिवलेलं कापड ओढून घेत होते, चुणी पडू नये म्हणून. मांडीवर नव्या साहेबांनी छापून घेतलेली आठ पानांची पुस्तिका होती, जहाजाचा सेवावृत्तांत. एका हाताने कापड ओढत ते मोठ्याने वाचत होते.

"'एकतीस वर्षांत सहाशे बारा वेळा पाणबुड्या या नौकेला लागल्या.' सहाशे बारा! मला पाचशेच वाटल्या होत्या. 'सव्वीस लाख पाव भाजण्यात आले.' हे कुणी मोजले असतील गं? 'दात उपटण्यात आले…' नको, ते राहू दे." पान उलटलं. "'समुद्रात केलेली कामगिरी: एक.'"

मग त्यांनी ती हकीगत वाचली. वारा, अडकलेलं सुकाणू, कलणारा लेथ, तीन खिळी. बदली टर्नरचा फोटोही होता. वाचून झाल्यावर पुस्तिका मिटली, उसासा टाकला आणि म्हणाले, "असो."

हा 'असो' काकूंनी चोवीस वर्षं ऐकला होता. आज तो सहन झाला नाही. त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"तो निरोप्या वर आला होता."

टर्नर कापडाची घडी घालत राहिले.

"मी दार उघडलं. त्याने विचारलं. मी म्हणाले, नाहीत घरी." काकूंनी चाकावरचा हात काढला नाही. "तुम्ही आत झोपला होतात आणि मी सांगितलं, नाहीत. मला भीती वाटली हो. पोरीचा ताप, ते वारं. दोन तास होते, मी उठवलं नाही. तुमच्या आयुष्यात एकदा ते जहाज सुटलं, आणि मी…"

"माहीत आहे," टर्नर म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"मी जागा होतो."

मशीनची सुई कापडात रुतलेली होती. खाली पायऱ्यांवरून कुणीतरी हाक मारत होतं.

"थाप पडली तेव्हाच जाग आली होती. तू औषधाचं म्हणालीस, तेही ऐकलं."

"मग उठला का नाहीत?"

"पोरगी छातीवर होती. नुकती झोपली होती."

"दोन तास?"

टर्नर कापडाची कड नखाने सरळ करू लागले.

"दोन तास पोरगी छातीवर होती? मी इथे जीव मुठीत धरून बसले होते, दहा वेळा पडद्यापर्यंत आले, आणि तुम्ही डोळे मिटून पडला होतात?" काकू उभ्या राहिल्या. कापड पायात अडकलं, ते त्यांनी झटकलं. "चोवीस वर्षं! चोवीस वर्षं मी तुम्हाला उलटून बोलले नाही. तुम्ही भिंतीकडे बघायचात आणि मला वाटायचं, हे माझ्यामुळे. बहिणीने गाळा बघितला, मी नको म्हणाले. का म्हणाले? तर या माणसाचा समुद्र मी घालवला, निदान त्याचं जहाज तरी त्याच्याकडे राहू दे. आणि तुम्ही लोकांना निरोप्याच्या गोष्टी सांगून हसवत होतात!"

"तुझं नाव येऊ नये म्हणून…"

"माझं नाव की तुमचं?"

टर्नरनी चष्मा काढला. बोटांनी डोळे चोळले. मग जे बोलले ते काकूंनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"भीती वाटली मला. एवढी वर्षं समुद्र समुद्र करत होतो, आणि खरंच बोलावणं आलं तर उठवलंच नाही. वारा ऐकत होतो. तू 'नाहीत' म्हणालीस आणि मला सुटल्यासारखं झालं. बरं वाटलं. ते बरं वाटलं ना, त्याचीच लाज वाटत आलीय. तुला सांगणार काय? सांगितलं असतं तर तुझ्यासमोर रोज भित्रा म्हणून बसावं लागलं असतं. त्यापेक्षा बिचारा बरा."

"मग ते भिंतीकडे बघणं? ते सगळं खोटं?"

"नाही गं," टर्नर कळवळून म्हणाले. "तेही खरंच. भीतीही खरी आणि तेही खरं. दोन्ही एकाच माणसात असतात, त्याला मी काय करू?"

काकूंना रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. त्या खिडकीपाशी गेल्या. समोर सवत उभी होती, रंग उडालेली, मुकाट.

"मी नाव काढून घेतो," टर्नर मागून म्हणाले. "उद्या जात नाही. तू म्हणशील तसं. गाळ्याचंही बघू."

काकू गर्रकन वळल्या. "खबरदार! गेल्या वेळी माझ्या आड लपलात, आता पुन्हा लपायचं नाही. पुढची वीस वर्षं 'हिच्यासाठी गेलो नाही' म्हणून उसासे टाकणार असाल तर मला ते ऐकायचे नाहीत. जायचं तर स्वतःच्या पायाने जा. राहायचं तर साहेबांना स्वतःच्या तोंडाने सांगा, मला भीती वाटते म्हणून. मी आता तुमच्यासाठी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही."

मग त्या मशीनवर बसल्या, कारण भांडण कितीही मोठं असलं तरी पाचला पताका पोहोचवायची होती. टर्नर पलीकडे बसले. उरलेले वीस मीटर दोघांनी एक शब्द न बोलता पूर्ण केले, आणि चुणी एकही पडली नाही.

सकाळी काकूंच्या आधी टर्नर उठले होते. दाढी केली, पिशवी उचलली. जातोय असं म्हणाले नाहीत, राहतोय असंही नाही. काकूंनी विचारलं नाही. दोघं पायऱ्या उतरले, पुढे ते, मागे त्या.

धक्क्यावर गर्दी होती. जुने खलाशी आले होते, पाणबुड्यांवरचे लोक रांगेत उभे होते, दातांचे निवृत्त डॉक्टरसुद्धा आले होते. डोलकाठीवरून पताका सुटली होती आणि वाऱ्यात एवढी लांब गेली होती की तिचं टोक मागच्या गोदामाच्या छपरावर फडफडत होतं. अशा वेळीही काकूंची नजर आधी शिवणीवर गेली.

शिडीपाशी नवे साहेब कागद घेऊन उभे राहिले आणि जाणाऱ्या आठ जणांना एकेक करून पुकारू लागले. सुतार. हजर. वायरमन. हजर. पंपवाला. हजर.

"टर्नर."

उत्तर आलं नाही. टर्नर चार पावलांवर उभे होते. चेहरा पांढराफटक, पिशवी छातीशी धरलेली. पुढे टगबोटींच्या पलीकडे बंदराचं तोंड होतं आणि तिथे लाटा फुटताना दिसत होत्या. काकूंना कळलं, याला आत्ता, या क्षणी भीती वाटतेय, आणि ती खरी आहे. एवढा माणूस, एवढे केस पिकलेला, आणि असा. पुढे होऊन त्याचा हात धरावा असं त्यांना वाटलं. आपल्या तोंडातून शब्द निसटेल म्हणून त्यांनी ओठ दातांखाली धरला.

"टर्नर?" साहेबांनी मान वर करून पुन्हा विचारलं.

"हजर," टर्नर म्हणाले. आवाज घोगरा होता, पण पोहोचला.

ते शिडी चढले. मध्यावर थांबले, दोन्ही हातांनी कठडे घट्ट धरले, पिशवी कोपरात लोंबत राहिली. मग वर गेले. दोर सुटले, टगबोटी धूर ओकत ताणल्या गेल्या, आणि सवत कण्हत-कुंथत धक्क्यापासून दूर झाली. मागच्या कठड्याशी टर्नर उभे होते. हात हलवत नव्हते, दोन्ही हात कठड्यावर होते. पण तोंड काकूंकडे होतं, आणि दिसेनासे होईपर्यंत ते तसंच होतं.

दोन दिवस काकू रागात होत्या. तो राग त्यांना आवडलाही, इतक्या वर्षांनी हक्काचा राग मिळाला होता. घरभर उरलेल्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या गोळा केल्या, बहिणीला पत्र लिहिलं आणि गाळा रिकामा आहे का, असं स्पष्ट विचारलं. टर्नरना न विचारता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर बसल्या असताना त्यांनी सहज मान वर केली. खिडकीत समुद्र होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत, नुसता. जहाज उभं असताना तो दोन्ही टोकांना बोट-बोटभर दिसायचा. हे आत्ता कुठे असतील, असं काकूंच्या मनात आलं. जेवले असतील का? झोप लागत असेल का?

आजवर यजमानांचा विचार आला की त्यामागून ती दुपार यायची, थाप यायची, स्वतःचा तो सफाईदार आवाज यायचा. आज त्या वाट बघत बसल्या, आणि मागून काहीच आलं नाही. आले ते नुसते टर्नर, नखांत काळं तेल घेऊन, जेवताना ओरखड्यांच्या गोष्टी सांगणारे. काकूंना ते इतके हवेसे वाटले की बसवेना. साडेपाच वाजायचे होते, आणि वाजले तरी कुणी येणार नव्हतं.

त्या खाली उतरल्या. स्वयंपाक्याची बायको पायरीवर भाजी निवडत होती. तिचा नवरा गेल्याला सात आठवडे झाले होते.

"कसं करता हो तुम्ही हे?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"हेच. वाट बघणं."

तिने काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. हसली नाही. भाजीची टोपली मांडीवर घेतली आणि पायरीवर सरकून जागा केली.

"पहिला आठवडा वाईट जातो," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग दुसरा."

काकू तिच्या शेजारी बसल्या आणि टोपलीतली भाजी निवडू लागल्या.